रेल्याला आहे तेच

तियानाने तो शब्द आधी कधी कुणापुढे उच्चारला नव्हता. बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाईंनी तो सांगितला तेव्हा तिने नुसती मान हलवली, नेदाला कोट चढवला आणि परतीच्या बसमध्ये नवऱ्याला एवढंच म्हणाली, "उशिरा बोलेल म्हणतात." वुकान पुढे काही विचारायच्या फंदात पडला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या सासूबाईंना, देसांकाबाईंना, तर तेवढंही कळू दिलं नाही. मोरावा नदीकाठचं ते गाव म्हणजे इकडे कुणी शिंकलं तर तिकडे बाजारात चर्चा सुरू व्हायची.

नेदा साडेचार वर्षांची. बोलत नाही, पण गप्पही नसते. दिवसभर तिच्या गळ्यात एकच सूर घोळत असतो, फ्रीजच्या घरघरीसारखा. तो सूर अचानक थांबला की तियाना हातातलं काम टाकून धावते, कारण त्यानंतर किंकाळी येते. पांढरं सोडून ती काही खात नाही. मात्र एखादी वस्तू उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायला तिला फार आवडतं. एक मोजा, मग दुसरा मोजा. तोंडाकडे बघणार नाही, पण हाताकडे नीट बघेल आणि तुम्ही घेईपर्यंत धरून ठेवेल.

गावातल्या दोन बालवाड्यांनी तिला घेतलं नव्हतं. एकीने जागा नाही म्हणून सांगितलं, दुसरीने तेवढंही सांगितलं नाही. आता उरली होती बाजाराजवळची पिवळी इमारत. तिथेही नाही म्हणाले तर जिल्ह्याच्या गावातली ती संस्था, जिथे सोमवारी मुलं सोडायची आणि शुक्रवारी परत मिळतात. तियाना एकदा ती बघून आली होती. स्वच्छ होती. जेवण चांगलं होतं. मुलं भिंतीशी बसली होती. घरी आल्यावर तिने पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतला आपला पांढरा कोट दोनदा धुतला, काही कारण नसताना.

त्याच शरदात टीव्हीवर 'पाणचक्की' सुरू झालं. डोंगरातली एक जुनी पाणचक्की, आत कोंडलेली डझनभर माणसं, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. त्यांनी स्वतः दळायचं, स्वतः भाजायचं, भांडायचं, प्रेमात पडायचं, आणि लोकांनी मोबाइलवरून ठरवायचं की कोण राहणार. त्यात व्रान्ये गावचा रेल्या होता. किडकिडीत, खांदे कानापर्यंत चढलेले, नजर जमिनीवर. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "मला ऑटिझम आहे. बोलताना कृपया माझ्या पाठीवर थाप मारू नका." लोक हसले. मग कुणीतरी आपली जन्मतारीख सांगितली, आणि त्या दिवशी कोणता वार होता नि कोणत्या संताचा दिवस होता, ते रेल्याने पापणी न हलवता सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळा देश फोन करायला लागला. आमच्या घराण्याचा संत अमुक, आमच्या लग्नाच्या वर्षी त्याचा दिवस कोणत्या वारी आला होता, सांग बाळा. तो सांगायचा. चीज विकणाऱ्या बाया एकमेकींना म्हणायच्या, "देवाच्या मांडीवरून उठून आलंय हे पोर."

पिवळ्या इमारतीच्या संचालिका होत्या मिलुंका मॅडम. बाई रुंद, आवाज त्याहून रुंद. तियाना त्यांच्यासमोर बसली तेव्हा नेदा टेबलावरच्या पेन्सिली एकेक करून त्यांच्या हातात देत होती.

"बोलत का नाही ही?" मॅडमनी विचारलं.

तियानाने उत्तर पाठ केलं होतं. उशिरा बोलण्याचं, घरात एकटंच मूल असण्याचं. पण मॅडमच्या मागे लोखंडी कपाटावर वर्तमानपत्राचं कात्रण चुंबकाने लावलेलं होतं, आणि त्यात खांदे चढवलेला रेल्या होता. तियानाच्या तोंडून निघून गेलं, "रेल्याला आहे ना, तेच हिला आहे."

मॅडमच्या हातातल्या पेन्सिली टेबलावर आल्या. त्या उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि नेदापुढे वाकल्या.

"अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचं. आणि ही काय सांगते? वार की संत?"

"अजून काही नाही."

"येईल, येईल. त्याची आई परवा टीव्हीवर म्हणत होती, तोही पाच वर्षांपर्यंत मुका होता."

नेदा घेतली गेली. नव्या वर्षापर्यंत बघू, तोवर सकाळी एक मदतनीस मुलगी तिच्याजवळ बसेल, पुढे पालिकेकडून कायमची मिळवून देते, असं मॅडम म्हणाल्या. बाहेर पडताना तियानाला हसू आवरत नव्हतं आणि ती सारखी मागे वळूनही बघत होती, दुसऱ्याच्या तिकिटावर गाडीत चढलेल्या माणसासारखी. रेल्या आणि नेदा. एक बोलायला लागला की थांबत नाही, दुसरीला पाणी मागता येत नाही. पण दार उघडलं होतं. आत गेल्यावर बघू, असं तिने स्वतःला सांगितलं.

आणि आत खरंच बरं चाललं होतं. शिक्षिका सेंकाताई नेदाला हात धुण्याच्या जागी उभी करायची. मुलं ओले हात घेऊन आली की नेदा एकेकाला टॉवेल द्यायची. "माझी सगळ्यात कामसू मुलगी," सेंकाताई म्हणायची. नोव्हेंबरात नेदाने आपले बूट आपण काढून सपाता घातल्या. उलट्या, पण घातल्या. तियाना त्या दिवशी प्रयोगशाळेत क्लोरीनचे आकडे चुकीच्या रकान्यात लिहून आली.

गावाला आता माहीत झालं होतं. रस्त्यात माणसं थांबवायची.

"ही आपली छोटी रेल्या ना? काय गं, माझा वाढदिवस मंगळवारी होता की बुधवारी?"

नेदा त्यांच्या कोटाच्या बटणाकडे बघायची.

"लाजते," तियाना म्हणायची.

देसांकाबाईंच्या अंगात तर वारं संचारलं होतं. जी नात आजवर शेजारणींपासून लपवायची, ती एकदम मिरवायची झाली. त्यांनी चर्चचं कॅलेंडर आणून नेदाच्या उंचीला टांगलं. "बघ सोन्या, लाल अक्षरात आहेत ते मोठे संत." नेदाने कॅलेंडरचा कोपरा खाल्ला.

"आई, कागद पांढरा आहे म्हणून खातेय ती," तियाना म्हणाली.

"खाऊ दे. पोटात तर जाईल."

वुकान हसला. तियानाही हसली. त्या घरात हसण्यासारखं काही होऊन बरेच दिवस झाले होते.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला. वडील गेल्यापासून घराण्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण, वुकानकडे आली होती. स्लावाला बोलावणं धाडायचं नसतं, ज्याला आठवण असते तो येतो. मिलुंका मॅडमचे यजमान आणि वुकानचे वडील एकाच कारखान्यातले, त्यामुळे त्या येणार हे ठरलेलंच होतं. तियाना आठवडाभर त्याच एका गोष्टीची धास्ती घेऊन होती. मॅडमपुढे नेदा कशी दिसायला हवी, हेच तिला ठरवता येत नव्हतं. जरा जास्त शहाणी दिसली तर मदतनीस जाणार. जरा कमी दिसली तर जागाच जाणार.

"एवढं नको ताणूस," वुकान म्हणाला. "पोर आहे, परीक्षा नाही."

"तुला नाही, मला द्यायचीय परीक्षा," तियाना म्हणाली.

नाताळाआधीच्या उपासाचे दिवस, मांस-दूध वर्ज्य, म्हणून टेबलावर सगळं माशाचं आणि तेलातलं. पहाटेपासून कार्पच्या वासाने घर भरलेलं. उंच मेणबत्ती खिडकीशी लावलेली, जी घरातलं कुणी फुंकत नाही, दिवस मावळल्यावर यजमानच वाइनच्या थेंबाने शांत करतो. दाराशी छोट्या मेजावर झितो, म्हणजे उकडून साखर-अक्रोड घातलेल्या गव्हाचा वाडगा. एका बाजूला स्वच्छ चमचे, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पेला. येणाऱ्याने छातीवर क्रूसाची खूण करायची, चमचाभर गहू खायचे, उष्टा चमचा पेल्यात सोडायचा आणि मग शुभेच्छा द्यायच्या. दरवर्षी तिथे देसांकाबाई उभ्या राहायच्या.

यंदा पहिला पाहुणा आला, म्हणजे वुकानचा धर्मबंधू रादे, आणि देसांकाबाई पुढे व्हायच्या आत नेदा मेजाशी येऊन उभी राहिली. तिने एक चमचा उचलला आणि रादेच्या हाताकडे बघत पुढे धरला.

कुणी शिकवलं नव्हतं. तियाना माशाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थिजली. श्वास घेतला तर हे मोडेल असं तिला वाटलं.

"काय राणीसरकार, मी घेऊ का?" रादेने वाकून चमचा घेतला. "आजवर माझं या घरात कुणी असं स्वागत केलं नव्हतं. तुझी आजी तर चमचा फेकून मारायची."

"तुझी लायकीच ती," देसांकाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारभर तेच चाललं. पाहुणा येई, नेदा चमचा देई. गळ्यातला सूर संथ, अखंड. संध्याकाळी मिलुंका मॅडम यजमानांसह आल्या. त्यांनी चमचा घेतला, गहू खाल्ले, आणि कोट काढता काढता तियानाच्या कानाशी म्हणाल्या, "पालिकेचं मी बघते, काळजी करू नकोस. खरं सांगू, मला तर वाटतं मदतनीसही लागायची नाही हिला."

"लागेल, मॅडम," तियाना घाईने म्हणाली. "आज तिचा चांगला दिवस आहे. रोज असं नसतं."

"आयांना नेहमी कमीच दिसतं," मॅडम म्हणाल्या आणि माशाकडे वळल्या.

सगळ्यांची दुसरी बशी चालू होती तेव्हा रादे म्हणाला, "अरे, टीव्ही लावा. आज रेल्याची पण स्लावा आहे. पोरगं एकटं पडलंय तिकडे."

लावला. पाणचक्कीच्या आत रेल्याने पिठाच्या पोत्यावर पांढरं फडकं अंथरून त्यावर मेणबत्ती उभी केली होती. समोर हात जोडून उभा होता. इकडे खोलीतले म्हातारे उभे राहिले. रादेने राकिया दारूचा ग्लास पडद्याकडे उंचावला. मग कॅमेरा भट्टीकडे गेला. तिथे झ्लाता नावाची बाई आणि ओस्तोया नावाचा पहिलवान पिठावरून कुरबुरत होते. ओस्तोया हसत बाहेर गेला. जाहिराती झाल्या. आणि कार्यक्रम परत सुरू झाला तेव्हा रेल्या कानांवर हात दाबून ओरडत होता. माणसासारखं नाही, खोलवरून. त्याने तांब्याचं भांडं उचललं आणि भिरकावलं. भांडं झ्लाताच्या कपाळाला लागलं. रक्त आलं.

तोच तुकडा पुन्हा दाखवला. पुन्हा, सावकाश, खाली ढोल वाजवत.

तियानाला बघायची सवय होती. साडेचार वर्षं ती दुसरं काही करत नव्हती. किंकाळीच्या आधी काय झालं, हे शोधायची. तिने पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं.

"मेणबत्ती विझलीय," ती म्हणाली. "मागे बघा. धूर आहे अजून. कुणीतरी फुंकली."

"स्लावाची मेणबत्ती?" देसांकाबाई म्हणाल्या. "कोण फुंकेल? हातपाय झडतील त्याचे. असं कुणी करत नाही."

"वाऱ्याने गेली असेल," रादे म्हणाला. "त्यासाठी बाईचं डोकं फोडायचं?"

"वाऱ्याने नाही. खिडकी बंद आहे. कुणीतरी—"

"तियाना," वुकान हळूच म्हणाला.

खोलीतली सगळी माणसं नेदाकडे बघायचं कटाक्षाने टाळत होती. टीव्हीवर टाय लावलेला कुणी तज्ज्ञ सांगत होता की अशी माणसं शांत दिसतात, पण केव्हा काय करतील याचा नेम नसतो. मिलुंका मॅडमचे यजमान म्हणाले, "आणि आपण याला मतं देत होतो."

तेवढ्यात नेदा चमचा घेऊन टेबलापाशी आली. दाराशी बराच वेळ कुणी आलं नव्हतं, म्हणून असेल. ती मिलुंका मॅडमसमोर थांबली आणि त्यांच्या हाताकडे बघत चमचा पुढे धरला.

मॅडमनी पर्स उचलून मांडीवर घेतली. दोन्ही हात पर्सवर ठेवले. "पुरे झालं हं," त्या म्हणाल्या, पण नेदाला नाही, समोरच्या भिंतीला.

नेदा हात लांब करून उभीच राहिली. गळ्यातला सूर थांबला. तियानाने धावत जाऊन तिच्यापुढे आपला हात धरला, पण नेदाला तो हात नको होता. ती त्या पर्सवरच्या हातांकडे बघत राहिली. मग चमचा तिच्या बोटांतून निसटून खाली पडला.

किंकाळी आली नाही. त्या दिवशी ती आलीच नाही, आणि हे तियाना सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचा आठवडा पालकांच्या मोबाइलवरच्या गटात गेला. आपल्या मुलांच्या वर्गात एक रेल्या आहे म्हणे. संचालिकांनाच सांगितलंय आईने, स्वतःच्या तोंडाने. मग आम्हाला का नाही सांगितलं? कात्र्या उघड्यावर ठेवता का तुम्ही? सेंकाताईने लिहिलं की मुलगी कुणाच्या वाटेला जात नाही. त्याखाली पुन्हा कात्र्यांचंच सुरू झालं.

नव्या वर्षाच्या आधी मॅडमनी तियानाला बोलावलं. कपाटावरचं कात्रण गेलं होतं, चुंबक तेवढा उरला होता.

"तिने कुणाला कधी मारलंय?" तियानाने विचारलं.

"नाही."

"ढकललंय? चावलीय?"

"नाही गं. म्हणूनच म्हणते, काही व्हायच्या आधी. तू शिकलेली आहेस, तुला समजतं."

"मॅडम, मी तेव्हा चुकीचं बोलले. तिचं रेल्यासारखं नाहीये. म्हणजे शब्द तोच आहे, पण त्या एका शब्दाखाली इतकी वेगवेगळी माणसं असतात की—"

"तूच म्हणालीस, तेच आहे म्हणून." मॅडमचा आवाज रागाचा नव्हता. खरं तर दुखावलेला होता. "मी काय डॉक्टर आहे? तू सांगितलंस, मी विश्वास ठेवला. रेल्यामुळेच घेतली मी तिला. आता लोक मला विचारतात."

तिने सपाता पिशवीत भरल्या आणि नेदाच्या कोटाची बटणं लावली. सेंकाताई दारात उभी होती. तिने हात धुण्याच्या जागेकडे बघितलं, तिथे मुलं आपापले टॉवेल ओढून घेत होती.

जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत नाताळ झाला आणि त्या संध्याकाळचा दुसरा एक तुकडा बाहेर आला. चॅनेलने इतके दिवस दाबून ठेवलेला. पाणचक्कीच्या आत, पोत्यावरच्या मेणबत्तीशी ओस्तोया वाकतो, कॅमेऱ्याकडे डोळा मारतो आणि फुंकतो. सिगारेटच्या पाकिटाची पैज होती.

देश पेटला. धर्मगुरू टीव्हीवर आले. ओस्तोयाच्या घरावर अंडी फेकली. बाजारात चीजवाल्या बाया डोळे पुसत म्हणाल्या, "लेकराने आपल्या संतासाठी केलं. खरा मर्द. आपल्यातला कुणी असता तर भांडं नाही, जातं फेकलं असतं." झ्लातानेही कपाळावरच्या पट्टीसकट त्याला माफ केलं. देसांकाबाई सकाळ-संध्याकाळ मत पाठवायच्या.

"तू म्हणाली होतीस गं," त्या तियानाला म्हणाल्या. "तू बघितला होतास धूर."

"हो, आई."

"माझंच चुकलं. पण कुणी माणूस असं करेल हे मनातही येत नाही गं."

मोठा आवाज झाला, दिवे लागले, कान फाटले, म्हणून तो ओरडला असता तर? तियानाला विचारायचं होतं. मेणबत्ती नसतीच तर? पण देसांकाबाई इतक्या आनंदात होत्या. जुन्या पंचांगाच्या नव्या वर्षाच्या संध्याकाळी रेल्या जिंकला. गावात फटाके उडाले. नेदा पलंगाखाली जाऊन बसली आणि वुकान तिच्याबरोबर पलंगाखाली आडवा झाला.

तियाना पुन्हा पिवळ्या इमारतीत गेली. कात्रण परत लागलं होतं. नवीन, रंगीत, हातात करंडक.

"मी पण मत दिलं," मिलुंका मॅडम म्हणाल्या. "एक नाही, बरीच. यजमान ओरडले."

"मग नेदाला—"

"अगं, त्याचं वेगळं." मॅडमनी तिचा हात हातात घेतला, अगदी मायेने. "त्याने स्लावासाठी केलं. आपल्याला कळतं, का केलं ते. तुझी लेक उद्या काही करून बसली तर आम्हाला कसं कळणार, कशासाठी केलं?"

"विचारा मला. मी बघते. मला कळतं."

"तू बारा महिने इथे बसणार आहेस का?"

तियाना म्हणणार होती, बसते. पण प्रयोगशाळेचं काय, आणि पालिका आयांना मदतनीस म्हणून ठेवत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. "आणि जागाही गेली गं आता," मॅडम म्हणाल्या. "सेंकाकडे नवीन मुलगा आलाय. फार गोड. बडबड्या. जिल्ह्याच्या संस्थेत माझी ओळख आहे, तिथे सांगून ठेवू का?"

फेब्रुवारीपासून जागा होईल असं संस्थेने कळवलं. तोवर नेदाला सकाळी देसांकाबाईंकडे सोडायचं. त्यांच्या घराचा रस्ता बाजारावरून जातो, दुसरा रस्ता नदीकडून, तो बर्फाने बंद. म्हणून पिवळ्या इमारतीवरूनच जावं लागतं.

पहिल्याच सकाळी नेदा फाटकाशी थांबली. हात सोडवून घेतला, बर्फात खाली बसली आणि बूट काढायला लागली. तियानाने बूट परत चढवले. नेदाने परत काढले. तिसऱ्यांदा तियानाने चढवलेच नाहीत. आपला रुमाल काढून तिच्या पायांखाली घातला आणि तिच्याजवळ उकिडवी बसली. दार उघडलं की आत जायचं, असा तो क्रम होता. बूट काढले की मुलीला आत घेतात, हे नेदा शिकली होती. ते शिकायला तिला सबंध शरद लागला होता. आता ते कसं विसरवायचं, हे तियानाला ठाऊक नव्हतं.

दार उघडत होतं. एकेक आई येत होती, लाल टोप्यांतली मुलं आत सोडत होती. त्यातली एक, मोबाइलवर कात्र्यांचं लिहिणारी, जाता जाता थांबली. चांगली बाई होती. खाली वाकून नेदाच्या टोपीवरून तिने हात फिरवला आणि मनापासून म्हणाली, "अभिनंदन हं. तुमचा रेल्या जिंकला."

"हो," तियाना म्हणाली. "थँक यू."

बाई आत गेली. दार लागलं. नेदा दाराच्या कडीकडे बघत बसून राहिली, आणि तियाना तिच्या गळ्यातल्या सुराकडे कान लावून.